कर्ता, कर्म आणि शिसे

१ फेब्रुवारी १९९३. सकाळी ६.१०

नवी वही. या वहीत एकही अशुद्ध वाक्य असणार नाही. माझ्यावाचून ती कोणी वाचणार नाही. तथापि शुद्धलेखन हे वाचकाच्या भीतीने करावयाचे नसते.

संकल्प: नात ब्रिट जूनमध्ये तीन वर्षांची होईल. तोपर्यंत तिला सव्वीसही अक्षरे यावीत. घटस्फोटानंतर कन्या जनेल तिला घेऊन माझ्याकडे राहावयास आली, त्यास वर्ष झाले. जनेल दिवसभर चीजच्या कारखान्यात असते. ब्रिट आणि मी तळघरात. तेथे माझे लायनोटाइप यंत्र आहे, छपाईच्या ओळी शिशात ओतणारे. एकतीस वर्षे मी साप्ताहिकाच्या ओळी त्यावर ओतल्या. १९७८ साली साप्ताहिकाने यंत्राला व मला एकाच दिवशी काढून टाकले आणि आम्ही दोघे एकाच ट्रकमधून घरी आलो. चर्चचे पत्रक अद्याप आम्हीच काढतो.

आज ब्रिटचे नाव ओतले. वितळलेल्या शिशाची अख्खी ओळ एकसंध बाहेर पडते, चांदीसारखी. निवल्यावर तिच्या मुठीत दिली. झोपेतही सोडीना.

व्याकरण आमच्या रक्तातच आहे.

१० फेब्रुवारी. दुपारी

आठ अक्षरे झाली. ओतलेल्या ओळीवर अक्षरे उलटी असतात, त्यामुळे ब्रिट ती उलटीच ओळखते. जनेलने काळजी व्यक्त केली. सुलटे कोणीही वाचतो, असे मी तिला सांगितले.

एक निरीक्षण. ओळी आठवड्याभरात काळवंडतात. ब्रिटच्या नावाची ओळ मात्र पहिल्या दिवसाइतकीच चकचकीत आहे. शिसे, कथील व अँटिमनी यांचे माझे प्रमाण अचूक असल्याचा याहून मोठा पुरावा नाही. क्लेम व्हँडरसी यास फोन केला. हा माझ्या शेजारच्या यंत्रावर सत्तावीस वर्षे बसला. आता वृद्धाश्रमात आहे. "प्रमाण कसं ओळखलंस, लेका? चाटून?" असे त्याने विचारले. माणसे वयानुसार पोरकट होतात.

पोटात कळा. बद्धकोष्ठाचा पाचवा दिवस. जनेलची कॉफी कारणीभूत आहे.

१५ फेब्रुवारी

काल चर्चमध्ये नामुष्की. माझ्या पत्रकात पुढील मजकूर आढळला: "पाद्री लुंड यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया बिघडली. याबद्दल आपण सर्वांनी देवाचे आभार मानू या."

मधली ओळ गळली. ताप उतरला, धोका टळला, अशी ती ओळ होती. मी ती ओतली होती. मुद्रितात तपासली होती. छपाईच्या वेळी ती जागेवर नव्हती.

प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलापाशी श्रीमती लुंड म्हणाल्या, "इतकी वर्षं मनात होतं ते छापून मोकळे झालात, आयनार. बरं केलंत." सर्व हसले. पाद्री कुबडीवर रेलून हसले.

ओळ गळली नाही. ती पळवली गेली. संशय समोरच्या चर्चच्या मेथडिस्टांवर आहे.

ता. क. वरील उद्धृतात "आपण सर्वांनी मानू या" असे आहे. "आपण सर्व मानू या" असे हवे. हे मी कसे ओतले? पुन्हा तपासावे. किंबहुना तपासू नये.

२३ फेब्रुवारी

काउंटीच्या आरोग्य कार्यालयाचे पत्र. जनेलने मला न विचारता ब्रिटचे रक्त तपासून घेतले होते. पत्र जसेच्या तसे उतरवतो:

"बालिकेच्या रक्तात शिसे आढळले आहे. प्रमाण: २४. दहा किंवा त्याहून अधिक प्रमाण मुलांच्या मेंदूस हानिकारक मानले जाते. घराची तपासणी करण्यात येतील."

येतील! तपासणी एक, क्रियापद अनेक.

शिवाय कर्ता कोठे आहे? शिसे आढळले. ठीक. ते दिले कोणी? कर्ता लपवणारे वाक्य हे भित्र्या माणसाचे वाक्य होय, असे मी एकतीस वर्षे नव्या वार्ताहरांना सांगत आलो. त्यांच्यापैकी एक पुढे सिनेटमध्ये गेला. भित्राच निघाला.

जनेल स्वयंपाकघरात रडत होती. मी तिला शांतपणे समजावले की, ज्या कार्यालयाला वचन सांभाळता येत नाही, त्याला दशांशचिन्ह काय सांभाळता येणार? हे २४ नव्हे, २.४ आहे. ठिपका गळला आहे. असे ठिपके मी जन्मभर जागेवर बसवले.

"ठिपका घाला चुलीत, बाबा," ती म्हणाली. "आजपासून तळघराला कुलूप. आणि पोर तिकडे फिरकली तर बघा."

मी तत्काळ मान्यता दिली. कुलूप लावले. शब्दाला जागलो. धडे आता वर, स्वयंपाकघरात घेतो. ओळी ॲप्रनच्या खिशात बसतात.

२ मार्च

काउंटीची परिचारिका डोरीन कुबियाक येऊन गेली. ओल्या फडक्याने माझ्या जिन्याच्या पायऱ्या, खिडक्या आणि ॲप्रनची खुंटी पुसून फडकी बाटल्यांत भरली. खुंटी ब्रिटच्या कोटाशेजारीच का, असे तिने विचारले. कारण ब्रिटचा कोट तेथे असतो, असे मी उत्तर दिले. मी खिडक्यांच्या जुन्या रंगाकडे तिचे लक्ष वेधले. तो माझ्या दिवंगत पत्नीने निवडला होता.

तिने एक माहितीपत्रक दिले. त्यातील एक वाक्य: "कामाचे कपडे आणि लहान मुले वेगवेगळी धुवावीत."

मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तिलाही हसू आवरेना. "करा ना दुरुस्त, ब्रेकेसाहेब. आमच्याकडे कुणाला वेळ आहे?" असे म्हणाली. चांगल्या घरातील दिसते. एकोणीस चुका निघाल्या. लाल पेन्सिल बोथट झाली. मनगटही हल्ली लवकर थकते.

तिने माझ्या पोटाची चौकशी केली व माझेही रक्त मागितले. रक्त मी १९४४ साली दिले आहे, असे सांगितले.

त्यानंतर ब्रिट काय खाते-पिते, हा प्रश्न. मी तिला आमच्या छापखान्याचा नियम सांगितला: शिशापाशी बसणाऱ्याने रोज बाटलीभर दूध प्यावे, दुधापुढे शिसे पोटात टिकत नाही. मालक स्वतः बाटल्या वाटत असत. ब्रिटलाही मी अक्षरांच्या वेळी न चुकता दूध देतो.

तिचे लिहिणे थांबले. "कसली अक्षरं?"

सतरा अक्षरे खोक्यात भरून घेऊन गेली. पावतीवर "अक्षरे" हा शब्द अचूक लिहिला होता, एवढेच समाधान. ब्रिटच्या नावाची ओळ ब्रिटच्या मुठीत होती. तिच्याविषयी मला विचारण्यात आले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा पाल्हाळ होय.

८ मार्च

क्लेमकडे गेलो. त्याचा उजवा हात मनगटातून लोंबतो. नर्सने चमच्याने भरवले. त्याच्यादेखत मी माझा उजवा हात खिशात ठेवला. कारण नाही.

दुधाविषयी कुबियाकबाईंचे अज्ञान त्यास सांगितले. तो म्हणाला, "लेका, दुधानं शिसं जात असतं ना, तर मालकानं छापखान्यात गाई बांधल्या असत्या." मग त्याने आमच्या पाळीची माणसे एकेक करून मोजली. सर्वांना बद्धकोष्ठ. सर्व तिरसट. सर्वांची स्मृती पन्नाशीतच पातळ. "आणि आपण त्याला स्वभाव म्हणायचो, आयनार."

माझा स्वभाव माझ्या वडिलांवर गेला आहे. वडीलही जुळारीच होते, शिशाचे खिळे जुळवीत.

१६ मार्च

दुसरी तपासणी. ३३.

प्रथम भिंगातून ठिपका शोधला. नाही. कागदाच्या मागील बाजूसही नाही.

यंत्र बिघडले असावे. त्यांचे.

दुपारी जनेलने ब्रिटच्या बाहुलीचे अंथरूण झटकले. दोन ओळी जमिनीवर पडल्या. एक ब्रिटच्या नावाची. दुसरी: "ताप उतरला असून धोका टळला आहे." दोन्ही लखलखीत.

जनेलने त्या माझ्यापुढे टेबलावर ठेवल्या. ही नावाची ओळ तिच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत होते का, असे विचारले. चर्चची ओळ सापडली व मेथडिस्ट निरपराध ठरले, असे मी म्हणालो. वातावरण हलके करण्याचा हेतू होता.

जनेल हसली नाही. ओरडलीही नाही, ओरडली असती तर बरे वाटले असते. "बाबा, तुम्हाला चूक दिसते. पोर दिसत नाही," इतकेच म्हणाली व बॅगा भरू लागली. ओ क्लेअर गावी तिची मैत्रीण राहते.

गाडीत बसविताना ब्रिटने मूठ उघडून दाखविली. रिकामी. "आबू, नाव दे," म्हणाली. तिला आजोबा म्हणता येत नाही.

मी दार लावले.

१७ मार्च. सकाळी ६.१०

घर शांत आहे. कामास अनुकूल.

ब्रिटची ओळ मेजाच्या खणात इतर ओळींजवळ ठेवली. नवा संकल्प: ब्रिट तेथे सहा आठवडे राहील. तिचा आकडा तिकडेही तसाच राहील. त्यायोगे माझे घर निर्दोष ठरेल, जनेल परत येईल व काउंटी लेखी दिलगिरी व्यक्त करील. दिलगिरीचा मसुदा मीच करून ठेवला आहे. त्यांना जमणार नाही.

माझेही रक्त देणार आहे. एकतीस वर्षे शिशात बसलेल्याचे रक्त स्वच्छ निघाल्यास वाद संपेल.

५ एप्रिल

विजय. माहितीपत्रक नव्याने छापले गेले. कुबियाकबाईंनी दहा प्रती पाठवल्या. एकोणीसही दुरुस्त्या जशाच्या तशा! काउंटीतील प्रत्येक घरी जाणार. एक प्रत ॲप्रनच्या खुंटीवर टांगली.

क्लेमला फोन केला. "वाचलंस का?" त्याने विचारले. चार वेळा तपासले, असे मी सांगितले.

"तपासलंस ते ठीक. वाचलंस का, लेका?"

त्याला ऐकू कमी येते. फोन ठेवला.

११ एप्रिल. ईस्टर

चर्चला गेलो नाही. पत्रक निघाले नाही. एक साधा शब्द दिवसभर आठवला नाही. कॉफी गाळतात ते. आता आठवला होता. गेला.

जनेलचा फोन नाही. मी केला नाही. प्रथम कोणी करावा याविषयी नियम स्पष्ट आहे: चुकलेल्याने.

२८ एप्रिल

जनेलचा फोन आला. ब्रिट: २१. औषध दिलेले नाही. माझ्यापासून दूर राहिली, इतकेच. बोलण्यात ती वयाच्या मानाने मागे आहे. मेंदूचे किती नुकसान झाले ते शाळेत गेल्यावर कळेल, असे डॉक्टर म्हणाले.

मग म्हणाली, "रोज विचारते, आबू कुठं म्हणून. तुमचा आकडा आला का, बाबा?"

आला आहे. ६१.

ठिपका शोधला नाही.

खुंटीवरून माहितीपत्रक काढले. मेजाशी बसून वाचले. तिसरे वाक्य: "शिशाचे काम करणाऱ्याने आपले कपडे घरात आणू नयेत; शिशाची कोणतीही वस्तू मुलांच्या हाती देऊ नये, कारण हातातील वस्तू तोंडात जाते." मूळ वाक्यात अर्धविराम नव्हता. मी घातला होता. तो योग्य जागी आहे.

कुबियाकबाईंना फोन केला व यंत्र घेऊन जाण्यास सांगितले. शुक्रवारी माणसे येतील. पायऱ्याही धुतील. ट्रकमधून या खेपेस ते एकटे जाईल.

जनेलला पत्र लिहावयास घेतले. "घडल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो." खोडले. कर्ता नाही. "अनवधानाने चूक झाली." खोडले. झाली! आपोआप! यंत्रावर ओळ चुकली तर ती अर्धी सोडता येत नसे. वाटेल त्या अक्षरांनी ती शेवटपर्यंत भरावयाची, ओतावयाची आणि फेकावयाची. गेले तीन महिने ही वही मी तशीच भरली असावी.

ब्रिटची ओळ पत्रासोबत पाठवावी असा मूर्खपणा क्षणभर मनात आला. खण उघडला. कोणती तिची, ते ओळखू येईना. सर्व सारख्याच काळ्या. नाव उलटे वाचून शोधून काढली. सहा आठवडे तोंडात गेली नाही, म्हणून काळवंडली.

प्रमाणाचा त्यात काही संबंध नव्हता.

पत्रात अखेर एकच वाक्य राहिले. "ब्रिटला शिसे मी दिले." मी कर्ता. शिसे हे कर्म. ब्रिट संप्रदान, देण्याची क्रिया जिला जाऊन पोहोचते ती. क्रियापद कर्माप्रमाणे, नपुंसकलिंगी, एकवचनी. दोनदा तपासले. मग वाचले.

वाक्य निर्दोष आहे.