बॅटरीवाली बंदूक

ता. ५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? वॉर्डातल्या पेशंटांना दम देतेस आणि स्वतःची औषधं विसरतेस, म्हणून इथूनच ओरडतेय असं समज.

पेंटबॉलच्या मैदानावरचं माझं काम छान चाललंय. आलेल्या माणसाला त्याच्या तयारीप्रमाणे बंदूक द्यायची, एवढंच. पण खरी मेख त्यातच आहे. नवख्याला पंपाची द्यायची. दरवेळी दांडा ओढायचा, मग रंगाची एकच गोळी सुटते, त्यामुळे माणूस जरा विचार करून मारतो. मुरलेल्याला बॅटरीवाली. तिचा चाप इतका हलका की नुसतं बोट टेकलं तरी गोळ्यांचा सडा पडतो. नवख्याच्या हाती ती गेली तर त्याचीच फजिती.

डोकेदुखी एकच, तुझा धाकटा भाऊ. बाबा दर रविवारी सलून कारागिरावर टाकून मैदानावर येऊन बसतात. मागच्या खेपेला आमच्या मॅनेजरना सगळ्यांदेखत म्हणाले, की केस टिकवायचे असतील तर आत्ताच काहीतरी करा. तेव्हापासून मी तिथे ‘कटिंगवाल्याची ठकू’ झालेय. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता म्हणे स्वतःच खेळणार! येत्या रविवारी त्यांची हौस कायमची फिटेल असं बघते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकू


ता. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी खेळलो! बाकी नवख्यांना ठकूने साध्या पंपाच्या बंदुका दिल्या आणि मला कपाटातून बॅटरीवाली काढून दिली. पोरीला बापाच्या हाताची पारख आहे म्हणायची. माझी छाती दोन वीत फुगली.

पण ताई, तू नर्स आहेस म्हणून तुलाच विचारतो. ठकूला कळवू नकोस. एक गोळी मारायला जावं तर पाच-सहा सुटायच्या. बोट थांबतच नव्हतं. पंचाची पाठ रंगली, माझे बूटही रंगले. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन हात समोर धरून पाहिला, तर हलतोय असं वाटलं. आपल्या अण्णांना शेवटी चहाची बशी धरवत नव्हती, आठवतं ना? तसंच माझं सुरू झालंय.

तेव्हापासून वस्तरा हातात घेतला नाही. कारागीर दाढ्या करतो, मी टॉवेल झटकत बसतो. लोक माझ्या भरवशावर मान उघडी टाकून डोळे मिटतात. कुणाला लागलं तर? दुकान कारागिरालाच देऊन मोकळं व्हावं म्हणतो, तसं बोललोही त्याच्याशी. कोणता डॉक्टर गाठू ते कळव.

धाकट्यावर नजर असू दे.
तुझा भाऊ


ता. १४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाने तुला सांगू नकोस म्हटलंय, म्हणून लगेच सांगतेय. रविवारी एकीच्या ठिकाणी पाच गोळ्या सुटल्या, म्हणून हाताला कंप सुटला असं त्याने धरलंय. वस्तरा ठेवून दिलाय आणि दुकान द्यायला निघालाय. मला तर वाचून घाम फुटला.

पण महिन्यापूर्वी इथे आला तेव्हा माझ्या सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवून दिला होता त्याने. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. नुसतं बोट टेकलं तरी सडा पडतो, असं तूच लिहिलंयस.

ती बंदूक चुकून दिलीस की मुद्दाम, हे मी विचारत नाही. जे आहे ते त्याला जाऊन सांग. एकदा दुकान हातचं गेलं, की त्या माणसाला घरात करमायचं नाही.

रागावले आहे, तरी तुझीच आहे.
आत्या


ता. १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं नाहीस, तरी सांगते. मुद्दाम दिली. चारचौघांत फजिती झाली की पुन्हा तिकडे फिरकणार नाहीत, असं वाटलं. वर गोड आवाजात म्हणालेही, की बाबा, ही खास तुमच्यासाठी. माझा मलाच तिटकारा आलाय.

काल सलूनमध्ये गेले. खुर्चीत शेजारचे शिंपीकाका होते, कारागीर फेस लावत होता, बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांना बाहेर बोलवावं असं मनात आलं, पण मी त्यांचं हसं सगळ्यांसमोर केलं होतं. तेव्हा तिथेच सांगितलं, की हात ठीक आहे, ती बंदूक नवख्याच्या हाती अशीच सुटते, मला ते ठाऊक होतं, आणि तुम्ही मैदानावर येऊ नये म्हणून मी ती दिली. शिंपीकाकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाबा उठले, हात धुतले, कारागिराकडून वस्तरा घेतला आणि काकांची दाढी केली. कुठे ओरखडासुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, रविवारी या, पंपाची देते, मी स्वतः शिकवते. रविवारी गिऱ्हाईक फार असतं, जमायचं नाही, असं त्यांनी अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं.

निघताना दारापर्यंत आले आणि हळूच विचारलं, की माझी लाज तुला फार दिवसांपासून वाटते का.

आत्या, मला ‘नाही’ म्हणता आलं नाही.

हवं तेवढं बोल मला, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.
तुझी ठकू