डाव्या गुडघ्याची साक्ष

४ मार्च

ती. ताईस,
प्रभूमध्ये स. सलाम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात नवं यंत्र आलं आणि पहिल्याच दिवशी त्याने मोठ्या डॉक्टरांचा कोट आखडवून ठेवला, हे वाचून दुकानात एकटाच हसत बसलो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्याच्या नव्या चष्म्याला हसतोय. त्याने फ्रेम बदलून घेतली.

आता माझं रडगाणं. आमच्या पाळकसाहेबांनी नवी टूम काढली आहे. महिन्यातून एका रविवारी कुणीतरी उभं राहून आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा, म्हणजे ऐकणाऱ्यांना धीर येतो. मागच्या वेळी बेकरीवाल्यांनी साक्ष दिली. भट्टी बिघडल्यापासून दुरुस्त होईपर्यंत सगळं सांगितलं, पण त्यात प्रभूपेक्षा मेकॅनिकचं नाव जास्त वेळा आलं. या महिन्यात माझी पाळी आहे. आमची ही गेल्यावरही माझा विश्वास कसा डळमळला नाही, ते सांगा म्हणतात. मंडळीत मला सगळे 'खांब' म्हणतात, तुला ठाऊकच आहे.

नाही म्हणवत नाही, याला कारण आमच्या मंडळीतली शिवणवाली बाई. तिचा नवरा जाऊन चार महिने होत आले. मागच्या बाकावर बसते, गात नाही. परवा तिने गीतांचं पुस्तक पाळकसाहेबांना परत दिलं. म्हणाली, मला आता प्रार्थना येत नाही, इथे सगळ्यांना येते हे बघून लाज वाटते, हा महिना संपला की मी येणार नाही. पाळकसाहेबांना वाटतं, माझं ऐकून ती थांबेल.

तर तू दोन पानांची छानशी साक्ष लिहून पाठव. तुझा हात त्यात बसलेला आहे.

ताईचा लोभ नेहमीच आहे, टपालखर्चासकट असावा.
तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी काही लिहून देणार नाही. शाळेत तुझे निबंध मीच लिहायचे. 'माझा छंद' या निबंधात तू वर्गापुढे उभा राहून, स्वतःच्या बाहुलीला किती फ्रॉक शिवलेस ते मोठ्याने वाचून दाखवलंस. पुढे काय आहे ते न बघता वाचत सुटायचं, ही सवय पन्नाशी उलटली तरी गेली नसेल, अशी मला दाट शंका आहे.

एक मात्र विचारते. तुझी बायको गेली तेव्हा तू दर आठवड्याला पत्र धाडायचास आणि शेवटी मागायचास, ताई, माझ्यासाठी एक प्रार्थना लिहून पाठव. मी दुपारी इस्त्रीच्या टेबलाशी, चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहायचे. चौदा महिने लिहिल्या. त्यांचं तू काय केलंस? रागावणार नाही.

उत्तर लवकर धाड, नाहीतर मी गाडीत बसून येईन, आणि आले की तुझं कपाट आवरीन.
तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

तू रागावणार नाही म्हणालीस की मला जास्तच धडकी भरते. पण सांगतो.

ते चौदा महिने मला प्रार्थना आलीच नाही. डोळे मिटले की हिची रिकामी खाट दिसायची, मग डोळे उघडायचो. कमिटीत असल्यामुळे एकाआड एक रविवारी मंडळीची प्रार्थना माझ्याकडे. मी तुझी प्रार्थना कागदावर उतरवायचो, तो बायबलात ठेवायचो आणि वाचायचो. सगळ्यांचे डोळे मिटलेले, कुणाला कळतंय? लोक म्हणायचे, दुःखाने माणूस केवढा भरवशाचा झालाय. 'खांब' हे नाव तेव्हाच पडलं, म्हणजे हक्काने ते तुझं आहे.

एकदा उतरवायला वेळ झाला नाही. तुझंच पत्र घेऊन उभा राहिलो आणि 'प्रभू, हॉस्पिटलचा जिना चढायला माझ्या डाव्या गुडघ्याला बळ दे' इथपर्यंत वाचून गेलो. उपासना संपते न संपते तोच तिघांनी मला तेलं सुचवली. बेकरीवाल्या वहिनींनी लोकरीची पट्टी विणून दिली. महिनाभर मला लंगडावं लागलं, त्यात दोनदा चुकून उजव्या पायाने लंगडलो.

आता खरं सांगितलं तर मंडळीपुढे लबाड ठरतो. नाही सांगितलं, तर ती बाई जी लाज घेऊन निघाली आहे तिच्यात मी आणखी भर घालणार. ताई, मला भीती वाटते. उगाच नाही, खरीच वाटते.

माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या त्या बेकरीवाल्या बाई आमच्या हॉस्पिटलात तपासणीला आल्या होत्या. माझी चौकशी करत खाली धुलाई खात्यात उतरल्या आणि तुमच्या भावाचा गुडघा आता कसा आहे, असं मलाच विचारू लागल्या. मी म्हटलं, माझ्यापेक्षा तरी बरा आहे. त्या गेल्यावर पोट धरून हसले. मग चादरींच्या कोठीत जाऊन रडले, कारण तुझ्याजवळ स्वतःचे चार शब्दही उरले नाहीत, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

त्यानंतर मी माझी दुखणीखुपणी प्रार्थनेत घातली नाहीत. बायको गेलेल्या माणसाला मंडळीपुढे उभं राहून काय म्हणावंसं वाटेल, ते लिहायचे. तेही मोठ्या अक्षरात, कारण चष्मेवाला असून तुझे डोळे यथातथाच.

म्हणजे या लबाडीत अर्धी भागीदार मी. कमिटीतून काढलं तर काढू देत, तुला बैठकीत बसून जांभया गिळाव्या लागणार नाहीत. पण तुझी प्रार्थना परत कशी आली, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. पंधराव्या महिन्यात तुझं मागणं थांबलं, एवढंच कळलं. ते सांग त्या शिवणवालीला. आणि कागद नेऊ नकोस.

मनापासून,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

सांगितलं. कागद नेला नव्हता. गुडघ्यापाशी आलो तेव्हा सगळे हसले, फक्त बेकरीवाल्या वहिनी हसल्या नाहीत. मग म्हटलं, चौदा महिने मी तुमच्यापुढे बहिणीचे शब्द वाचले, कारण माझ्याजवळ नव्हते. पुढे सांगितलं, की पंधराव्या महिन्यात मी एका म्हाताऱ्या गवंड्याचा चष्मा करत होतो. त्याला ओळंब्याची दोरी दिसेनाशी झाली होती. काच बसवताना माझ्या तोंडून निघालं, प्रभू, याला नीट दिसू दे. कोण बोललं म्हणून मी मागे वळून पाहिलं. एवढं सांगितलं आणि मला रडू आलं, त्यामुळे साक्ष तिथेच संपली.

कमिटीने काढलं नाही. माझ्या जागी यायला कुणी तयार नाही. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, ती आजाऱ्यांसाठीची प्रार्थनाही बहिणीचीच का? त्यांनी ती वहीत उतरवून घेतली आहे आणि दुसऱ्या गावी दोनदा वापरली आहे.

शिवणवाली बाई दाराशी थांबली होती. चौदा महिन्यांत सगळ्यात वाईट कुठला गेला, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, पाचवा, तोवर लोक विचारपूस करायचे थांबतात. ती म्हणाली, तिचा पाचवा आता सुरू होतोय. तेवढा महिना मी पुढचं बाक सोडून मागे तिच्या शेजारी बसेन का? तिला प्रार्थना येणार नाही, पण मग ती स्वतः येत राहील.

तेव्हा ताई, येत्या रविवारपासून मी मागच्या बाकावर. तिथून पाळकसाहेब दिसत नाहीत. लोभ तिथेही पोचेल असा असू दे.

तुझा,
धाकटा