हरणाऱ्याने कोलंबी सोलायची

शुक्र., १० जाने.
नवी मालिका सुरू. एक गोळी घेतली की साधा कारकून दिवसभरापुरता महाबुद्धिमान होतो आणि पोलिसांना खुनी शोधून देतो. काहीच्या काही! पण सुधीर डोळे मोठे करून बघत होता. आमची जुनी पैज: शेवटच्या जाहिरातींआधी दोघांनी खुन्याचं नाव सांगायचं, चुकेल त्याने शनिवारी कोलंबी सोलायची. जन्मभर वकिली केलेला नवरा, त्यामुळे लग्नापासून कोलंबी माझ्याच नशिबी. आज सु.ने मेलेल्या माणसाचंच नाव घेतलं. पूर्वी पोट धरून हसले असते. आज हसता आलं नाही.

शनि., ११
सु. कोलंबी सोलायला बसला. आतला काळा दोरा काढायचा विसरला. तो उठल्यावर मी सगळे दोरे गुपचूप काढले. जेवताना ताटातली कोलंबी बाजूला सारली. डॉ.नी त्याला स्पष्ट सांगितलंय, त्याच्या विसरण्यावरच्या गोळ्या थोडा आधार देतात, बरं करत नाहीत. म्हणून हरणं इतकं लागलं.

शुक्र., १७
अक्कल चालवली! भाग मोबाइलवर दुपारीच येतो. फणसवाडीत नलूकडे, धाकट्या बहिणीकडे, जाऊन आधीच पाहून आले. संध्याकाळी टीव्हीसमोर सहज म्हटलं, "मेव्हण्याच्या हाताला पट्टी कसली रे?"
"मेव्हणाच! अजून आहे हां डोकं!" सु. ओरडलाच.
मी मुद्दाम मोलकरणीचं नाव घेतलं. उद्या कोलंबी मी सोलणार. एवढ्या आनंदाने कधी हरले नव्हते.

शुक्र., २४
पुन्हा तेच. सु. जिंकला, पण ओरडला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला. दुपारी नलू म्हणाली होती, "ताई, लहान मूल आहे का तो? कळेल त्याला." तिच्यावर चिडले. तिला काय जातंय बोलायला.

शुक्र., ३१
नलूकडून परतले तर सु. मोरीत बसलेला, घामाने निथळत, उलट्या. बाजूला त्याच्या गोळ्यांचं पाकीट, बरंच रिकामं. एकदम जास्त घेतल्या तर मालिकेतल्यासारखं डोकं चालेल, असं वाटलं त्याला. हॉस्पिटल. नाडी फार मंद होती. आता बरा आहे. देवा.

शनि., १ फेब्रु.
वॉर्डात मी ओरडलेच. "शहाणा ना तू? मालिका बघून औषध घेतात का रे?"
"एकदा खरंखरं जिंकायचं होतं, माले. तू शुक्रवारची नलूकडे का जातेस, तेवढं अजून कळतं मला."
मला वाटत होतं मी त्याला सांभाळतेय, आणि तो तिकडे एकटाच...
मग म्हणाला, "जिंकवू नकोस मला. शेजारी बस आणि मनापासून चूक." रडू आलं आणि हसूही.

शुक्र., ७
घरी. गोळ्या आता मीच काढून देते, त्याला मान्य आहे. दुपारी कुठे गेले नाही. शेवटचा भाग. कारकुनाच्या गोळ्या संपल्या.
जाहिराती लागल्या. सु. कपाळाला आठ्या घालून बसला. मी जीभ दाताखाली धरली. "नाव येत नाहीये. तो चष्मेवाला," म्हणाला. मला नाही पटलं. मी डॉक्टरीणबाईचं नाव घेतलं, अगदी मनापासून.
मग विचारतो, "गोळी नसली तरी घरचे त्या कारकुनाला ओळखतात ना गं?"
"ओळखतात रे."
"आणि तो त्यांना?"
हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आता खोटं नाही, असं ठरलंय आमचं. "ते मला माहीत नाही," म्हटलं.
त्याने माझा हात घट्ट धरला. मालिका पुन्हा सुरू झाली होती. पुढचं दोघांनीही पाहिलं नाही.