करण आणि कलम सात

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी ७.४०

मालिनीला नाशिकला जाऊन चार महिने अकरा दिवस झाले. पंधरा दिवसांसाठी गेली होती. आधी उन्नतीचं बाळंतपण, मग बाळाचं बारसं, मग बाळाची सर्दी. मी प्रत्येक वेळी मुदतवाढ दिली आहे. बायको लेकीकडे गेली म्हणून हातपाय गाळणारे नवरे वेगळे. माझी गैरसोय काहीच नाही. मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले तीन गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि कुलूपबंद. त्यामुळे शेजाऱ्यांचाही त्रास नाही. सोनिवलीत शांतता मिळेल असं बिल्डरने ब्रोशरमध्ये म्हटलंच होतं.

घरातल्या किरकोळ कामांची यादी केली. एकेचाळीस निघाली. हाताखाली एखादा मुलगा ठेवावा. फक्त कामापुरता. गप्पिष्ट नको.

५ जानेवारी, रविवार

गेटवरच्या हिरामणला मुलगा बघायला सांगितलं. हा चामटोलीचा, आसपासच्या वाड्यांवर त्याची ओळख. म्हणाला, साहेब, एक पोरगा आहे, करण. बारवीच्या बाजूच्या वाडीवरचा. अंबरनाथला आयटीआय करतो, सुट्टीच्या दिवशी काहीपण काम करेल. मी वय विचारलं. म्हणाला, सतरा.

सतरा! विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत मी. सतरा वर्षांचा मुलगा कामावर असताना स्टुलावरून पडला तर काय होतं, ते हिरामणला काय माहीत. तो म्हणाला, पडतो कशाला साहेब, झाडावर चढतो तो.

झाडावर चढणारेच पडतात. कागद केल्याशिवाय पोराला कामाला लावायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी

करार तयार. पाचशेचा स्टॅम्प पेपर. आमच्या ऑफिसात कंत्राटदारांसाठी एक नमुना होता, त्यावरून उतरवला, पण बराच सुधारून. पहिला पक्ष मी. दुसरा पक्ष करण, आणि तो अठराच्या आतला म्हणून त्याच्या वतीने त्याची आई. एकूण बावीस कलमं. कलम सात मी स्वतःच तीनदा मोठ्याने वाचलं: 'कामाच्या वेळेत सदर सदनिकेत कोणाही व्यक्तीस होणारी इजा व कोणत्याही वस्तूची हानी यांची भरपाई देण्याची जबाबदारी सर्वस्वी दुसऱ्या पक्षाची राहील.' कुठे बोट शिरायला जागा नाही. निवृत्त झालो तरी हात विसरलेला नाही.

संध्याकाळी मालिनीला फोनवर वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाला बाळ रडायला लागलं. ती म्हणाली, ठेवते.

१२ जानेवारी, रविवार

करण आला. काटकुळा, हसरा. बरोबर आई सरूबाई आणि नववीतली बहीण प्रतिभा. करार प्रतिभाने अडखळत वाचला. तिला सदनिका म्हणजे काय कळेना, पुढचं तर दूरच. मी म्हणालो, हे सगळं नेहमीचंच असतं, सगळीकडे लिहितात. सरूबाईने एवढंच विचारलं, पोराला मारनार बिरनार नाय ना? मी म्हणालो, तशी तरतूद नाही. मग तिने जीभ दाताखाली धरून सही केली. झेरॉक्स दिली ती तिने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली. कागदाची किंमत कळणारी माणसं अजून आहेत, हे पाहून बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

कामाचा पहिला दिवस. काम क्र. १, हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर. करण इलेक्ट्रिशियनच्याच ट्रेडला आहे, पण वीज म्हणजे अतिधोकादायक वर्ग. त्याला खुर्चीत बसवलं आणि काम मी केलं. तो दोनदा म्हणाला, काका, आधी मेन बंद करा. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत मेन आपोआप पडला होता. हाताला मुंग्या आल्या, पण किरकोळ. मग कुठली वायर कुठे, ते त्याने खुर्चीतून सांगितलं. पंखा फिरतो आहे.

करणला चहा, खारी आणि ठरलेले पैसे. मुलगा आळशी नाही. सारखा उठायला बघत होता. मी उठू दिलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

काम क्र. २ ते ४. खिडकीच्या जाळ्या (तोल जाण्याचा धोका), कुंड्या हलवणे (पाठीला धोका), विळीला धार (उघडच आहे). तिन्ही मी केली. करणने यादीवर टिक केली. कंबर धरली आहे.

काम करता करता त्याला मुरबाडच्या म्हशीची केस सांगितली. एकच म्हैस, दोन वर्षांत दोनदा मेली, दोन्ही वेळा क्लेम. मी फोटोतल्या शिंगांवरून पकडली. करण इतका हसला की खारी बशीतून सांडली. मालिनीने ही केस चाळीस वेळा ऐकली आहे, एकदाही हसली नाही. त्याने मग वाडीवर पावसात खेकडे कसे धरतात ते सांगितलं. सरळ बिळात हात. हातमोजे नाहीत. हा प्रकार ताबडतोब थांबव, असं मी त्याला बजावलं. तो पुन्हा हसला.

गप्पा नकोत असं ठरलं होतं. पण तोंड चालू असलं की हात भरभर चालतात, असं माझं निरीक्षण आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी यादी पाहिली. या वेगाने कामं तीन महिन्यांत संपतील. हे बरं नाही. घाईत अपघात होतात. तेव्हा काही कामांचे दोन दोन भाग केले. आजचं काम: गिझर (पाहणी). पुढच्या वेळी: गिझर (प्रत्यक्ष). करण म्हणाला, काका, गिझर तर चांगला चाललाय. मी म्हणालो, म्हणूनच पाहणी.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी

आजपासून बुधवारही जोडला. आयटीआय सुटल्यावर तो येतो, सव्वापाचला बेल वाजते. मी साडेचारपासून मोकळाच असतो, म्हणून खुर्ची दारासमोर आणून ठेवली. तिथे वारा चांगला लागतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मालिनीचा फोन. म्हणाली, आवाज बरा वाटतोय तुमचा, कोण येतं का घरी? मी म्हणालो, कोणी नाही, कामाचा मुलगा. ती म्हणाली, मग मी एप्रिलपर्यंत राहिले तर चालेल ना? मी चालेल म्हणालो. मग ती म्हणाली की घरी तुमच्याशी बोलायचं म्हणजे फॉर्म भरल्यासारखं वाटायचं, इथे कसं मोकळं आहे. हसत म्हणाली. मीही हसलो. मंजूर केलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार (डाव्या हाताने)

परवा पडलो. काम क्र. ९, माळ्यावरचं पुरणयंत्र. स्टूल करणने घट्ट धरलं होतं, तशी नोंद करतो. तो म्हणाला म्हणून म्हशीची केस पुन्हा सांगत होतो. ती दुसऱ्यांदा कशी मेली ते हातवारे करून दाखवायला गेलो. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर सहा आठवडे.

करणने रिक्षा आणली. हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईने विचारलं, पेशंटचा कोण? तो म्हणाला, नातू. तिने तसं लिहिलं. फॉर्मवर खोटी माहिती मला खपत नाही. कळवळत का होईना, फॉर्म परत मागितला. नातू खोडायला लावून तिथे 'करारातील दुसरा पक्ष' लिहून घेतलं. बाई माझ्याकडे बघतच राहिली. करणने फॉर्म काउंटरवर परत दिला. चार तास बाकावर बसून होता. मला घरी आणून, खिचडी लावून गेला. गॅसला हात लावायचा नाही, असं कलम अकरा आहे. दुर्लक्ष केलं. खिचडी चांगली झाली होती.

मालिनीला कळवलेलं नाही. उगाच धावत येईल. किंवा येणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सव्वापाच. पावणेसहा. सात.

शिवजयंतीच्या मिरवणुकीला गेला असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

बेल वाजली तेव्हा करणच असं वाटलं. सरूबाई होती, आणि तिचा सासरा धाकलू, म्हणजे करणचा आजा. म्हाताऱ्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं. दहा किलो तरी असेल. दारातच ठेवलं. सरूबाईने पिशवीतून झेरॉक्स काढली आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. प्रतिभाने शाळेच्या बाईंकडून अर्थ विचारून आणला होता. सरूबाई म्हणाली, तुमचा हात मोडला तवा पोर कामावर होता, म्हंजे भरून आमालाच द्याला लागल. आता हा घरचा तांदूळ घ्या, बाकीचा सांगा किती ते.

मी समजावलं की कलम सात हे नुसतं लिहायचं असतं. ते फक्त समोरच्याने जपून राहावं, जरा भ्यावं, म्हणून घालतात. ती म्हणाली, भ्यावा म्हनून लिवला, तर भ्यालो आमी.

मी म्हणालो, करणची काहीच चूक नाही, त्याला बुधवारी पाठवा. ती नाही म्हणाली. रागाने नाही, अगदी सरळ. म्हणाली, साहेब, तुमी वयाचं मानूस, एकटं ऱ्हाता. आज हात मोडला. उद्या पोर इथं असताना तुमचा काय बरावाईट झाला, तर आमी कुठून भरायचा?

क्लेम खात्यात असतो तर मी हेच म्हणालो असतो. बाईला नोकरी दिली असती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. करार रद्द करण्याचा लेख. डाव्या हाताने तीन दिवस लागले. करण सर्व जबाबदारीतून कायमचा मुक्त. माझं काही बरंवाईट झालं तरी मुक्त, असं खास कलम घातलं आहे. रविवारी स्वतः नेऊन देतो. बुधवारी सव्वापाचला करण हजर होईल, यात शंका नाही. खारीचा नवा पुडा आणून ठेवला.

२ मार्च, रविवार

रिक्षा करून वाडीवर गेलो. एका हातात कागद, दुसरा गळ्यात, मांडीवर तांदळाचं पोतं. ओट्यावर चटई घातली, पाणी दिलं. करण नव्हता. आता रविवारी तो उल्हासनगरला जातो, कॅम्प एकमध्ये, एका सेठच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात. मी करार कसा केला आहे ते विचारलं. धाकलू म्हणाला, कागद कसला, सेठ बोलला ये, तर गेला. शिडीवर चढवतात का, विचारलं. तो म्हणाला, चढतो तर, त्याचंच तर पैशे देतात.

प्रतिभाने माझा लेख वाचून दाखवला. शेवटी दोन्ही पक्षांच्या सह्या. सरूबाई म्हणाली, आता मी कुठल्याच कागदावर सही करनार नाय. मी म्हणालो, हा सोडवणारा कागद आहे. ती म्हणाली, सोडवाया पन सहीच? तांदूळही परत घेतले नाहीत. ते दिले म्हणजे ती त्यातून सुटली, असं तिचं म्हणणं. तिने वाद घातला नाही. चहा केला.

निघताना धाकलूने विचारलं, खरा सांगा सायेब, तुमच्याकडं पोराला काम काय होता? मी म्हणालो, एकेचाळीस कामांची यादी आहे, नंबर टाकून. तो म्हणाला, पोर तर बोलायचा, काम काय नसतं. काकाला घरात बोलाया कोन नाय, म्हनून मी जाऊन बसतो, ऐकतो, हसतो.

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज आहे. रिक्षात बसलो. म्हशीची केस त्याला खरोखर आवडली होती का, हे विचारायचं राहून गेलं. सबंध रस्ता तेच डोक्यात होतं. फार वाईट वाटलं.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.४०

करणला फोन केला. चार वेळा लावून उचलायच्या आत कापला, ते धरत नाही. मग त्याचाच आला. मागे दुकानातलं कसलं तरी मशीन चालू होतं. म्हणाला, बोला काका, हात कसा आहे? मी म्हणालो, प्रगती समाधानकारक. तो म्हणाला, सेठ एक नंबर माणूस आहे, काम पण भारी शिकायला मिळतंय. मी म्हणालो, छान. मग त्याने विचारलं, काका, काही काम होतं का?

म्हणालो, बेडरूमचा पंखा फार आवाज करतो. तो म्हणाला, चालू करा आणि फोन वर धरा, मी ऐकतो. डाव्या हाताने फोन वर धरला. बराच वेळ धरला. पंखा निमूट फिरत होता. तो म्हणाला, काका, आवाज तर काहीच येत नाहीये. मी म्हणालो, अरे, आत्ताच थांबला वाटतं. तो म्हणाला, आला परत तर सांगा हां, बुधवारी क्लास सुटल्यावर फोन करत जा, मी फोनवर सांगेन कसं करायचं. मग सेठने हाक मारली.

काम काही नाही रे, तू नुसता ये, मला करमत नाही. एवढंच म्हणायचं होतं. फोन कानाला धरून मी ते अगदी नीट, एकेक शब्द म्हटलंही. तोवर त्याने ठेवला होता.