शांती द्यायची तर कुणाला?

रविवार, २ जून
झालं! चर्चमध्ये उपासनेचं नूतनीकरण सुरू. आम्हाला वाटलं होतं, नवे पाळकसाहेब ड्रम आणतील, भिंतीवर पडदा लावतील. कसलं काय! त्यांनी काढली पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळीची रीत — उपदेश आटोपला की उठायचं, शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, ‘तुला शांती असो.’

“हे नवं नाही, फार जुनं आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “मधल्या काळात आपणच टाकून दिलं.”

मागून चर्च-समितीतले म्हातारे पंच — “टाकलं असेल तर उगाच नसेल टाकलं!”

पंचांशी जन्मात पहिल्यांदा सहमत झाले. कारण माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते माझी थोरली बहीण!

मंगळवार, ४ जून
अबोला का, ते लिहूनच टाकते. काही वर्षांपूर्वी गायनमंडळाच्या सरावात, सगळ्यांदेखत थोरली म्हणाली, “तू वरचा सूर लावलास की मेलेले पुनरुत्थानाची वाट न बघता उठतील.” लोक हसले. मी गायनमंडळ सोडलं, तिच्याशी बोलणं सोडलं. बाक मात्र आईचा — तो मी का सोडू? तीही सोडेना. मध्ये तिघं आरामात मावतात.

बुधवार, ५ जून
बायबल अभ्यासात इतिहास कळला. पूर्वी शांती देताना चुंबन घेत असत म्हणे. खजिनदारांनी शेजारच्या पंचांकडे एकदा पाहिलं आणि गुपचूप जागा बदलली. हातावर भागतंय ते नशीबच!

रविवार, ९ जून
उपदेश संपत आला तसा खोकला काढला आणि बाहेर सटकले. नर्स आहे मी, दिवसभर खोकलेच ऐकते. अस्सल जमला.

रविवार, १६ जून
फजिती! खोकत खोकत मागच्या खोलीत शिरले, तर थोरली आधीच तिथे! वाकून चपलेचा पट्टा लावत होती. चपलेला पट्टाच नव्हता. स्पीकरवर पाळकसाहेब — “तुमच्या शेजारी जो कोणी असेल त्याला…” शेजारी कोण? ती, मी आणि खुर्च्यांची चळत.

“खोकला?” ती म्हणाली.

“हो. तुला?”

“चप्पल.”

इतक्या वर्षांतलं आमचं पहिलं संभाषण. मग दोघी भिंत बघत उभ्या राहिलो.

शनिवार, २२ जून
आठवडाभर नुसती धुमसतेय. अपमान तिनं करायचा आणि वर पळूनही तिनंच जायचं? चोराच्या उलट्या बोंबा! उद्या बाकावरून हलणार नाही. सरकत सरकत तिच्यापर्यंत जाणार. दातओठ खात का होईना, शांती देणारच!

रविवार, २३ जून
ती उठतच होती, मी हात पकडला. थरथरत होता. घट्ट धरला तरी थांबेना.

“सोड गं. लोक बघतील.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. शिवणकाम बंदच केलंय.”

माझ्यापासून नव्हतीच पळत ती. सगळ्यांपासून हात लपवत होती. आणि मी, नर्स, त्याच बाकावर तोंड फिरवून बसले होते! शांती असो म्हणायचं राहूनच गेलं. सगळे खाली बसले, तरी हात सोडवला नाही मला.