माझ्या मानेची मोजणी

घरच्या धन्यांस लांबूनच वाकून नमस्कार. अक्षर नातीचं, बोल माझे.

मी ठणठणीत आहे. तुम्ही रक्तदाबाची गोळी वेळेवर घेताय ना? सूनबाईला विचारून खात्री करून घेईनच.

नातीने बाजी मारली, म्हणून हे पत्र. हृदयाच्या दर ठोक्याला मानेतली रक्तवाहिनी किती ताणली जाते, ते ती सोनोग्राफीच्या मशीनने मोजते. ती मोजणी खरी ठरायची, तर तिचा आकडा न पाहता दुसऱ्या कुणी मोजलं तरी तोच यायला हवा. तरुणांचे आकडे जुळले. म्हाताऱ्यांत एकच मान अडली, ती माझी. दोनदा मोजली, दोनदा बिघडली, कारण मी मध्येच बोलले. तिसऱ्यांदा बिघडती तर तिच्या संशोधनाची तीन वर्षं पाण्यात जाती.

"आजी, दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. तुम्हाला पन्नास वर्षांत जमलं नाही, ते पोरीने करून दाखवलं. आधी तिने मोजलं, मग तिच्या मैत्रिणीने. आकडे जुळले.

वाहिनीची भिंत जरा ताठ आहे म्हणे. वयाने होतं. डॉक्टरांना दाखवणार आहोत, पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्या मानेपेक्षा लवचीकच असेल.

तिच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, नात रडली. हे ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. त्या गडबडीत मला 'आता बोला' म्हणायला सगळे विसरले. मीही तशीच गप्प पडून राहिले. बोलले आणि आकडा पुन्हा बिघडला तर काय घ्या.

तुमचीच,
तोंडाळ बायको