भिंतीपलीकडचा खोकला

३ मार्च, सोमवार

ती चिनी गोष्ट आज शिकवायला घेतली. भाषांतर बरं आहे. दोन भाऊ, दोघेही रंगारी. लग्नाच्या कापडाचा रंग बिघडतो, चूक कुणाची यावरून जुंपते. धाकटा अंगणाच्या मधोमध भिंत घालतो. पुढे थोरला आजारी पडतो. भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येत राहतो, धाकटा आपलं काम करत राहतो. एके दिवशी खोकला ऐकूच येत नाही. धाकटा हातोडा घेतो आणि भिंत फोडायला लागतो. संपली गोष्ट.

फळ्यावर लिहिलं — व्यक्तिरेखा, संघर्ष, नैतिक जागृती. तिसऱ्यावर प्रश्न येणारच! मुलांनी माना डोलावल्या. पंखा बंद होता.

५ मार्च, बुधवार

जेवताना बायको म्हणाली, दादाच्या घशात गाठ निघाली. वहिनीचा फोन होता. चौदाला, शुक्रवारी ऑपरेशन. जिवावरचं नाही, पण स्वरयंत्र काढावं लागणार. आवाज कायमचा जाणार.

"त्याआधी तुमच्याशी एकदा बोलायचंय म्हणाले."

मी भाजी मागितली.

नोंद असावी म्हणून लिहितो. पुतणीच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर दादा म्हणाला होता, "ह्याला काय विचारता? हा नुसता पुस्तकातला शहाणा!" लोक खो खो हसले. त्याच्या जिभेला जन्मात कधी हाड नव्हतं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. माझ्या मते हे रास्त आहे.

६ मार्च, गुरुवार

दादाचा फोन. वाजू दिला.

८ मार्च, शनिवार

उत्तरपत्रिका. 'रंगाऱ्याची नैतिक जागृती नेमकी कुठे होते?' बहुतेकांनी हातोडा लिहिलाय. बरोबर. शेवटच्या बाकावरची ती चष्मेवाली, वाद घालायला कायम तयार, तिने लिहिलंय — "जागृती वगैरे काही नाही. खोकला ऐकू येत होता तोवर त्याला वाटत होतं, अजून वेळ आहे. शांतता झाली तेव्हा तो घाबरला." मुद्दा सोडून उत्तर. दहापैकी चार.

टेबल पुसता पुसता बायको गोष्ट वाचत उभी राहिली. फडकं हातातच.

"ह्या रंगाऱ्याला बायको नव्हती का हो?"

"होती. तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे."

"मग तिचं काय म्हणणं होतं?"

"लेखकाने दिलेलं नाही."

"वाटलंच," म्हणाली, आणि पुसायला लागली. माझा हात उचलून खालचंही पुसलं.

१० मार्च, सोमवार

पुन्हा फोन. बायकोने उचलला, माझ्यापुढे धरला. मी मानेनेच नाही म्हणालो. दादाचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. घोगरा झालाय, पण हसत होता लेकाचा! "साहेब पेपर तपासतायत? तपासू दे, तपासू दे."

ठरवलं. गुरुवारी गुण भरून झाले की संध्याकाळी आपणच फोन करायचा. आधी लग्नाचा विषय काढायचा, मग त्याची बाजू ऐकून घ्यायची. बायकोला तसं सांगितलं.

"आत्ता काय झालं करायला?"

"एक काम संपू दे की."

ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात भांडी मात्र जरा जास्तच वाजली.

१२ मार्च, बुधवार

मधल्या सुट्टीत बायकोचा फोन. सर्जनना परवा बाहेरगावी जायचंय, म्हणून ऑपरेशन आजच उरकलं. सकाळीच नेलं दादाला. सगळं व्यवस्थित झालं.

"आत नेण्याआधी त्यांनी फोन लावला होता. तुम्ही आंघोळीला होतात. मी दार वाजवलं."

वाजवलं होतं. मी ऐकलं होतं. 'नंतर' म्हणालो होतो.

स्टाफरूममध्ये गुण भरायला बसलो. आकडे दिसेनात. रडू आलं, चक्क चारचौघांत! शेजारच्या गणिताच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली सरकवली.

१३ मार्च, गुरुवार

गुण भरले. चष्मेवालीच्या चारचे नऊ केले. एक गुण खराब अक्षरासाठी कापला.

संध्याकाळी कुणाला फोन करायचा नव्हता.

१९ मार्च, बुधवार

दादाचा फोन. पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडे शांतता. ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. काहीबाही बोलत सुटलो — पंखा दुरुस्त झाला, गुडघा दुखतो, ती चिनी गोष्ट सगळीच्या सगळी सांगितली. तरी शांतता. घाबरलो. "दादा, ऐकतोयस ना रे?"

पलीकडून त्याने फोनवर बोटाने टकटक केलं.